जुनी जोंगा घरी उभी करायची तर

कॅडेट मित्रांनो, जबलपूरच्या कांचघर, घमापूर, रांझी या वस्त्यांत अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते आणि वडील किंवा काका व्हेईकल फॅक्टरीत. त्यांत मराठी घरेही आहेत. या घरांत 'जोंगा' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी जुन्या युद्धपटात किंवा एखाद्या छावणीच्या फाटकाशी चौथऱ्यावर उभी असलेली पाहिली असेल. महेंद्रसिंह धोनी २०१९ मध्ये रांचीच्या रस्त्यावर जोंगा चालवताना दिसले, तेव्हापासून अशी गाडी घेऊन घरच्या अंगणात नीट करावी, अशी इच्छा बऱ्याच तरुणांना होते. इच्छा चांगली आहे. पण काम कुठून सुरू करायचे, काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी ठाऊक हवे. त्यासाठी हा लेख.

गाडीची ओळख

जोंगा हे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे : जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. मूळ रचना जपानच्या निसान कंपनीच्या पेट्रोल या चारचाकी-चालन गाडीची. परवाना घेऊन ती जबलपूरला बनू लागली. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी इथे होतीच. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली आणि सैन्याच्या गाड्यांचे काम तिच्याकडे आले. शक्तिमान ट्रक, निसान वन-टन आणि जोंगा ही या कारखान्याची त्या काळातील तीन ठळक नावे. वन-टन हा मालवाहू हौद्याचा छोटा ट्रक, जोंगा त्याहून आटोपशीर. दोघींचे इंजिन एकाच घराण्याचे. साध्या जोंगाखेरीज रुग्णवाहिका आणि १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ वाहणारी जोंगाही होती. तोफेची नळी पुढे काढता यावी म्हणून त्या गाडीची पुढची काच मधोमध दुभागलेली असे. साधारण १९९९ पर्यंत जोंगा बनत राहिली. पुढे १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. व्हेईकल फॅक्टरी आता आर्मर्ड व्हेईकल्स निगम या कंपनीत आहे.

म्हणजे नवी जोंगा आता बनत नाही. सैन्याने लिलावात काढलेल्या आणि खासगी हातांत गेलेल्या गाड्या तेवढ्या उरल्या आहेत. त्यातली एक बिघडवली, तर एक कमी झाली, हे लक्षात ठेवून पाना हातात घ्यावा.

आधी कागद, मग पाना

गाडी पाहायला जाताना पहिली गोष्ट तपासायची ती चासी क्रमांक. चासीवर कोरलेला आकडा, इंजिनावरचा आकडा आणि नोंदणी पुस्तकातले आकडे जुळले पाहिजेत. सैन्याच्या लिलावाचे कागद नसलेली आणि नोंदणीही नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती दुरुस्त होईल, पण रस्त्यावर येणार नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट स्पष्ट केली.

तिसरी गोष्ट जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, व्यावसायिक नसलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. लष्करी गाडीची नागरी नोंदणी लिलावानंतर होते, म्हणून ही पन्नास वर्षे कोणत्या तारखेपासून धरणार, हे आपल्या परिवहन कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

यातून एक निर्णय सुरुवातीलाच करावा लागतो. गाडी मूळ रूपात ठेवायची, की रोज चालवण्यासाठी सुधारायची? अनेक जण पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवतात, कारण मूळ इंजिनाची तहान मोठी आहे. कारखान्यानेही नव्वदच्या दशकात डिझेलची नागरी जोंगा थोड्या संख्येने काढली होती. पण आज परवानगीशिवाय हा बदल केला तर नोंदणी धोक्यात येते, आणि व्हिंटेज नोंदणीचा रस्ता तर बंदच होतो. माझे मत असे : सुरक्षिततेसाठी लागणारे बदल जरूर करावेत, पण ते पुन्हा काढून मूळचा भाग लावता येईल असे असावेत. चासी कापू नये, मूळ इंजिन भंगारात देऊ नये.

सैनिकी शाळेतल्या वाचकांसाठी आणखी एक नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. जोंगा मुळात त्याच रंगाची असली, तरी आपल्या अंगणात आल्यावर तिला दुसरा रंग द्यावा लागतो. बाण असलेली लष्करी क्रमांकाची पाटीही लावायची नाही. गणवेश ज्याचा त्यानेच घालावा, तसेच हे.

जीव सांभाळून काम

घरी काम करताना अपघात होतात ते बहुधा चार ठिकाणी.

पहिले : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. सपाट, टणक जमिनीवर लोखंडी घोड्या लावाव्यात आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना पाचर द्यावी. विटा रचून गाडी उचलून धरू नये. वीट सूचना न देता फुटते.

दुसरे : रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. टाकीजवळ वेल्डिंग करायचे नाही. बॅटरीची तार आधी सोडावी.

तिसरे : जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये. ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि वर्षांनंतर आजार देते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

चौथे : काही लष्करी गाड्यांच्या चाकांना दोन तुकड्यांचे, नटांनी जोडलेले रिम असतात. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट सैल केले, तर रिम तोफगोळ्यासारखा सुटतो.

म्हणून पालकांना विनंती, की मुलांना या कामात जरूर घ्या, पण शेजारी एखादा जाणता मेकॅनिक असू द्या.

इंजिन : घाईने चावी फिरवू नका

जोंगाचे इंजिन सहा सिलिंडरचे, ओळीतले, पेट्रोलवर चालणारे आहे. सिलिंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११४.३ मिलिमीटर. एका सिलिंडरचे आकारमान काढा : ०.७८५४ × ८५.७ × ८५.७ × ११४.३. उत्तर साधारण ६५९ घन सेंटिमीटर येते. सहाने गुणले की ३,९५६. हेच या इंजिनाचे आकारमान. व्यासापेक्षा धाव लांब असल्याने हे इंजिन फार वेगाने फिरत नाही, पण कमी फेऱ्यांतच जोर देते. चिखलातून किंवा चढावर गाडी ओढायला असाच जोर लागतो.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारू नये. गंजलेल्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडतात. सर्व प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. मोकळे फिरले तर ऑइल आणि फिल्टर बदलून कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्या सिलिंडरचे माप इतरांपेक्षा फार कमी आले, तर त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजावे. माप वाढले तर रिंगा झिजल्या आहेत. वाढले नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. हेड उघडायचे की नाही, हे या साध्या परीक्षेवरून ठरते.

हेड उघडलेच तर व्हॉल्व्हच्या बैठका पाहाव्यात. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. जुन्या इंजिनांत शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवत असे. बैठका मऊ असतील तर कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. दुसरा बदल आताच्या पेट्रोलमुळे लागतो. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि भेगाळते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे रबर इथेनॉल सोसणारे लावावे. गरम इंजिनावर पेट्रोल गळले तर आग लागते, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नये.

चारही चाकांना जोर

जोंगात नेहमी मागची दोन चाके गाडी ढकलतात. गरज पडली की ट्रान्सफर केसच्या दांड्याने पुढची दोनही जोडली जातात. या रचनेत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, म्हणून दोन्ही धुरे एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. मातीत किंवा वाळूत चाक थोडे घसरून हा फरक पचवते. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते. ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो आणि शेवटी काहीतरी तुटते. म्हणून फोर-व्हील फक्त निसरड्या जमिनीवर, हे पक्के ध्यानात ठेवावे.

तपासणीत शाफ्टच्या क्रॉसना हाताने हलवून ढिलाई पाहावी. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल काढून त्यात लोखंडाचा चुरा किंवा पाणी आहे का ते बघावे. दुधासारखे पांढरट ऑइल म्हणजे आत पाणी गेले आहे. पुढच्या चाकांच्या नकलवर ग्रीस ओघळले असेल तर ऑइल सील गेले.

दिसायला रुबाबदार म्हणून मोठे टायर लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा हिशेब असा : टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला, तर स्पीडोमीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५ ने जात असेल. ओढण्याचा जोर घटेल, स्टिअरिंग जड होईल आणि ब्रेकला जास्त मेहनत पडेल. मूळ मापाचे चांगले टायर हाच शहाणपणा.

ब्रेक, दिवे आणि पट्टे

सुधारणेवर खर्च करायचाच तर तो इथे करावा. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच सर्किट असे. एका जागी नळी फुटली, की पॅडल सरळ तळाला जाते आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला तर पुढचे आणि मागचे सर्किट वेगळे होते. एक गेले तरी दुसरे गाडी थांबवते. जुन्या लोखंडी नळ्या आणि रबरी होज सरसकट नवे घालावेत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

वायरिंग वितळलेले किंवा जागोजागी जोडलेले असेल तर जोडाजोड करत बसू नये. नवे हार्नेस घालावे, प्रत्येक सर्किटला फ्यूज द्यावा आणि हेडलाइटला रिले लावावा. सीट बेल्टचे बोल्ट पातळ पत्र्यात न बसवता मागे जाड पट्टी देऊन मजबूत जागी बसवावेत. पत्र्यावर लांबी भरण्याआधी गंज मुळापर्यंत खरवडून प्रायमर द्यावा. गंजावर लावलेली लांबी पहिल्या पावसाळ्यातच फुगते.

काम पुरे करण्याची शिस्त

घरी उघडलेल्या गाड्या अर्धवट राहतात त्या बहुधा एकाच कारणाने : सगळी गाडी एकदम खोलली जाते. मग नटांचा डबा मिसळतो, पैसे संपतात आणि सांगाडा ताडपत्रीखाली वर्षे काढतो. म्हणून एका वेळी एकच विभाग घ्यावा. क्रम असा ठेवावा : आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग चालन, मग वायरिंग, आणि रंग सर्वांत शेवटी. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्यावा, नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवावेत आणि तारीख, काम, खर्च, मोजमाप एका वहीत लिहावे. सैन्यात गाडी निघण्याआधी फर्स्ट पॅरेड आणि परतल्यावर लास्ट पॅरेड होते. ऑइल, पाणी, हवा, ब्रेक रोज पाहिले जातात. दुरुस्त झालेल्या जोंगालाही हीच सवय लावावी.

जोंगा घडवणारे कित्येक कामगार आता निवृत्त होऊन कांचघर-रांझीच्या घरांत राहतात. कोणता नट किती आवळायचा, कोणता गिअर कसा आवाज करतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे, आणि ते सारे पुस्तकांत उतरलेले नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे आजोबा असतील, तर या सुटीत वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी बसा. गाडी घेणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण हे ज्ञान लिहून ठेवणे प्रत्येकाला जमेल, आणि जी गाडी अजून चालते आहे तिला त्याचा उपयोग होईल.