वक्र छपरांचे संगणकीय आरेखन : भूमिती, खर्च आणि मूल्यवृद्धी

बेंगळुरूच्या विमानतळाचे मूळ टर्मिनल २००८ साली सुरू झाले. त्याच्या विस्तारित इमारतीचे उद्‌घाटन डिसेंबर २०१३ मध्ये झाले आणि त्याच सुमारास विमानतळास केंपेगौडांचे नाव मिळाले. या विस्तारात जुन्या इमारतीस कवेत घेऊन पुढे झेपावणारे एक भव्य वक्र छप्पर उभारण्यात आले. त्याचा आराखडा एचओके या अमेरिकी संस्थेचा आणि बांधकाम लार्सन अँड टुब्रोचे. मुंबई विमानतळाच्या २०१४ मध्ये खुल्या झालेल्या टर्मिनलच्या बाबतीतही श्रमविभागणी अशीच होती. तेथे आराखडा एसओएम या अमेरिकी संस्थेचा होता आणि बांधकाम लार्सन अँड टुब्रोनेच केले. संगणक-अभियंत्यांची राजधानी मानल्या गेलेल्या बेंगळुरूच्या प्रवेशद्वारीच वक्रतेची कल्पना बाहेरून यावी, याचा अर्थशास्त्रीय विचार व्हावयास हवा. त्यासाठी प्रथम अशा छपराचे संगणकावर नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दोन उतारांचे कौलारू छप्पर इमारत-आरेखनाच्या कोणत्याही प्रणालीत काही मिनिटांत तयार होते. भिंतींची बाह्यरेषा आखावयाची, उताराचा कोन द्यावयाचा, की पाखे, आढे आणि पन्हळ यांचा हिशेब प्रणाली स्वतःच करते. गुदामावरील अर्धगोल पत्र्याचे छप्परही अवघड नाही, कारण ते एकाच दिशेने वाकलेले असते व सपाट पत्रा न ताणता त्यावर बसतो. अडचण सुरू होते ती पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांनी वाकतो तेव्हा. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केले की, ताणल्याखेरीज वा चुरगाळल्याखेरीज सपाट पृष्ठाचा गोल करता येत नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबली की ती फाटते. याउलट तळताना पापडाच्या कडा मधल्या भागापेक्षा अधिक पसरल्या की तो खोगिरासारखा वर-खाली वाकतो. विमानतळांची बहुतेक आकर्षक छपरे या दोहोंच्या मिश्रणातून घडतात.

जहाजे, विमाने आणि मोटारी

असे आकार कागदावर आणण्याची विद्या वास्तुशास्त्रात नव्हे, तर जहाज आणि विमान-उद्योगात वाढली. लवचीक लाकडी पट्टी वजनांनी जागोजागी दाबून धरावयाची आणि तिच्या कडेने पूर्ण आकाराची रेषा आखावयाची, ही तेथील पद्धत होती. विमान-उद्योगाच्या या परंपरेशी बेंगळुरूचे नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने येथेच हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. पुढे १९६० च्या आसपास फ्रान्समधील रेनॉ कंपनीतील बेझिए आणि सित्रोएनमधील द कास्तलजो यांनी त्या लाकडी पट्टीचे काम स्वतंत्रपणे गणिती सूत्रांत बसविले. आजच्या सर्व वक्रपृष्ठ-प्रणाली त्यांच्या ऋणात आहेत. पृष्ठभागाबाहेर काही नियंत्रक बिंदू ठेवले जातात. बिंदू हलविला की पृष्ठ त्याच्याकडे ओढले जाते आणि प्रत्येक बिंदूस कमी-अधिक भार देऊन ही ओढ नियंत्रित करता येते. दहा-वीस बिंदूंनी एकरभर छप्पर वर्णिता येते, ही त्यातील काटकसर.

परंतु गणिती पृष्ठ म्हणजे छप्पर नव्हे. त्यास जाडी नाही, वजन नाही, पाणी कोठे वाहील याचे भान नाही. इमारत-माहिती प्रतिमान ज्या प्रणालींत तयार होते, त्यांना मात्र ही वस्तू ‘छप्पर’ आहे, तिचे थर अमुक आहेत, खाली तुळया आहेत, हे सारे ठाऊक असावे लागते. म्हणून व्यवहारात आधी मोकळा घनाकार घडविला जातो आणि मग त्याच्या वरच्या पृष्ठावर जाडीसह छप्पर चढविले जाते. येथेच बहुतेक कामे अडतात. जाडी देणे म्हणजे मूळ पृष्ठास समांतर दुसरे पृष्ठ काढणे. वळणाची त्रिज्या जाडीहून लहान असली, तर आतले पृष्ठ स्वतःलाच छेदते आणि प्रणाली काम नाकारते. दुसरी खोड अधिक फसवी आहे. एका प्रणालीतून दुसरीत नेताना वक्राचे पुष्कळदा हजारो लहान त्रिकोण होतात. दिसण्यात फरक पडत नाही, पण त्या त्रिकोणांना छपराची ओळख उरत नसल्याने मोजमाप-पत्रक त्यांची दखलच घेत नाही. अंदाजपत्रकातील तूट पुढे ठेकेदाराच्या वाढीव देयकात प्रकटते. तटस्थ विनिमय-स्वरूपास २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. तरी दुहेरी वक्रतेच्या बाबतीत त्यावर डोळे झाकून विसंबू नये, असे माझे मत आहे.

खर्चाचा खरा निर्णय मात्र पृष्ठाचे तुकडे पाडताना होतो. समजा, एका छपरास २,००० वक्र फलक लागतात आणि एका साच्याचा खर्च ५०,००० रुपये आहे. प्रत्येक फलक निराळा असल्यास केवळ साच्यांवर १० कोटी रुपये जातील. तेच ४० नमुन्यांत बसविता आले, तर २० लाखांत काम भागेल. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे शिल्पकार उत्झन यांना १९६१ साली हाच मार्ग सापडला. सर्व कवचे एकाच गोलाचे भाग मानल्यामुळे ठरावीक साच्यांतून फासळ्या ओतता आल्या. तरीही ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज १०.२ कोटींवर गेला, कारण काम आराखडा पक्का होण्यापूर्वीच सुरू झाले होते. दिल्लीच्या १९८६ मधील कमळ मंदिराच्या पाकळ्याही गोल, शंकू अशा परिचित आकारांतून सिद्ध केलेल्या आहेत. संगणकनियंत्रित कापणीमुळे सपाट पत्र्याचे निरनिराळे तुकडे आज स्वस्त झाले आहेत. दुहेरी वक्राची काच मात्र अजून महागच आहे.

बेंगळुरूचा वाटा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये बेंगळुरूत आल्यापासून या शहराने दूरस्थ अभियांत्रिकी सेवांत नाव कमावले. परदेशी वास्तुसंस्थांची त्रिमितीय प्रतिमाने आणि कारखान्यासाठीची तपशीलवार रेखाटने येथे, तसेच पुण्यातही, तयार होतात. त्यांचा मोबदला बहुधा तासांच्या हिशेबाने मिळतो. नमुन्यांची संख्या २,००० वरून ४० वर आणणारी कल्पना ज्याची, त्याला बचतीचा वाटा मिळतो. ती रेखाटणाऱ्यास तासांचा दर मिळतो. तंत्रकौशल्याच्या अभावाने असे घडते, असे म्हणता येणार नाही. तेजस विमान विकसित करणाऱ्या बेंगळुरूच्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीने वक्र पृष्ठावर संमिश्र धाग्यांचे थर बसविणारी ‘ऑटोले’ ही प्रणाली घडविली आणि ती एअरबसलाही परवान्याने देण्यात आली. वास्तुक्षेत्रात अशी मजल मारली गेली नाही, याचे कारण मागणीच्या बाजूस शोधावे लागेल.

आपल्या सार्वजनिक बांधकामांत दीर्घकाळ सर्वांत कमी दराच्या निविदेस प्राधान्य राहिले. ज्यास आराखड्यावर अधिक श्रम करून बांधकामात बचत करावयाची आहे, तो अशा स्पर्धेत प्रथमच बाद होतो. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या सूचनांनी गुणवत्तेस ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची वाट निवडक कामांसाठी मोकळी केली. ब्रिटनने केंद्रीय खरेदीच्या प्रकल्पांत इमारत-माहिती प्रतिमान एप्रिल २०१६ पासून बंधनकारक केले. आपल्याकडे नागपूर मेट्रोने वेळापत्रक व खर्च यांची सांगड घालणारे पंचमितीय प्रतिमान स्वेच्छेने वापरले.

लहान कार्यालयांची अडचण निराळी आहे. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविल्यानंतर प्रणाली ही भांडवली वस्तू न राहता वार्षिक भाड्याची बाब झाली. चार जणांच्या कार्यालयास मंदीच्या वर्षातही हे भाडे चुकत नाही. मुक्त प्रणालींपैकी फ्रीकॅडची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तीत इमारत-प्रतिमानाची सोय आहे, परंतु मोठी व गुंतागुंतीची वक्र छपरे पेलण्याइतकी परिपक्वता तिला अद्याप यावयाची आहे. तंत्रनिकेतनांतून ती शिकविण्यास मात्र आजही अडचण नाही. निविदेत मूळ संचिका आणि तटस्थ स्वरूपातील संचिका या दोन्ही मागितल्या, तर विशिष्ट कंपनीची प्रणाली नसलेल्या कार्यालयासही स्पर्धेत उतरता येईल आणि त्यासाठी शासनास वेगळी तरतूद करावी लागणार नाही.