पान सोडायच्या आधीची भांडणं

वृत्तपत्राच्या कचेरीत भांडणं होतात ती राजकारणावरून, असा बाहेरच्यांचा समज असतो. राजकारण आमच्याकडे चहापुरतं. आवाज चढायचा तो ऱ्हस्व-दीर्घावरून, नाहीतर एखाद्या शब्दाचा अर्थ नेमका काय यावरून. तोही रात्री साडेदहाच्या सुमारास, डाक आवृत्तीचं पान सोडायला जेमतेम अर्धा तास उरलेला असताना.

मुद्रितशोधन विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. दोन टेबलं, डोक्यावर ट्यूबलाइट आणि भिंतीला टेकवलेला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्याचे खंड सात, पण जागेवर कधी सहाच्या वर दिसले नाहीत. हवा असलेला शब्द नेहमी सातव्यात. शेजारी मोल्सवर्थचं पुनर्मुद्रण आणि पानं सुटलेलं वाळंब्यांचं व्याकरण. या सगळ्याच्या मधोमध आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक. संपादकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना काका म्हणायचे. संपादक त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते, तरीही.

काकांच्या लाल पेनाची दहशत होती. ‘भूमिका विषद केली’ असं कुणी लिहिलं, की ते काही न बोलता समासात लिहायचे, ‘विष कोणी दिले?’ कारण विशद म्हणजे स्पष्ट, आणि विषद म्हणजे विष देणारा. ‘सहस्त्र’मधला त काढून काढून त्यांचं पेन झिजलं असेल. ‘कोट्यावधी’चा काना, ‘उहापोह’चा ऱ्हस्व उ, ‘तज्ञ’मधला हरवलेला ज् या रोजच्या शिकारी. त्यावर कुणी वाद घालत नसे. इथे मूळ संस्कृत शब्द समोर असतो आणि अर्थाला धक्का न लावता दुरुस्ती होते, त्यामुळे ऐकून घ्यायचं आणि पुढे जायचं.

खरी जुंपली ‘अपरोक्ष’वरून. एका नगरपालिकेत नगराध्यक्ष गावाला गेलेले असताना बाकीच्यांनी ठराव करून टाकला. बातमीदाराने लिहिलं, ‘नगराध्यक्षांच्या अपरोक्ष ठराव मंजूर’. काकांनी ‘अ’ उडवला. म्हणाले, ‘‘परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. अपरोक्ष म्हणजे समक्ष. शंकराचार्यांच्या नावावरची अपरोक्षानुभूती माहीत आहे ना? ती काय पाठीमागे आलेली अनुभूती आहे?’’ बातमीदार हुशार. तो म्हणाला, ‘‘काका, माझ्या आईपासून आमदारापर्यंत सगळे ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणतात ते ‘मी नसताना’ या अर्थानेच. तुम्ही ‘परोक्ष’ छापलंत, तर निम्म्या वाचकांना वाटेल की साहेब तिथेच बसले होते.’’

गंमत अशी की दोघांचंही खरं होतं. ‘अपरोक्ष’ छापलं, तर संस्कृत जाणणाऱ्याला उलटा अर्थ लागणार. ‘परोक्ष’ छापलं, तर उरलेल्यांना. मुख्य उपसंपादकांनी घड्याळ पाहिलं आणि मथळा केला, ‘नगराध्यक्ष गावी, ठराव मंजूर’. दोन्ही शब्द हद्दपार. पुढे बरीच वर्षं आमच्या अंकात ना ‘परोक्ष’ आला ना ‘अपरोक्ष’. मला हा निकाल तेव्हा पळपुटा वाटला होता. आज वाटतं, बातमीपुरता तोच बरोबर. ज्या शब्दाचे दोन वाचक दोन उलटे अर्थ घेतात, तो शब्द कितीही शुद्ध असो, पहिल्या पानावर त्याचं काय काम?

पण हे प्रकरण तिथे मिटलं नाही, कारण पंधरवड्याने ‘शिकस्त’ आली.

हिंदी वृत्तसेवेच्या मजकुराचं भाषांतर बहुधा नव्या शिकाऊ मुलांच्या गळ्यात पडायचं. ‘शिक्षा मंत्री’चा मराठीत काय गोंधळ होतो, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. या वेळी एका मुलीने क्रिकेटच्या बातमीत ‘भारताने श्रीलंकेला शिकस्त दिली’ असं लिहिलं. काका उसळले. ‘‘मराठीत शिकस्त देत नाहीत, करतात. प्रयत्नांची शिकस्त केली, म्हणजे पराकाष्ठा केली. तुझ्या वाक्याला अर्थच नाही.’’ मुलगी बिचारी खोडून पराभव लिहू लागली, तेवढ्यात तोच ‘अपरोक्ष’वाला बातमीदार दारात. त्याच्या आजोबांची उर्दू शाळेतली, त्यामुळे हा मुद्दा त्याच्या खिशातच होता. ‘‘काका, शिकस्त फारसी. मूळ अर्थ मोडणं, हार. म्हणजे मुळाप्रमाणे बरोबर ही मुलगी आणि चूक सगळा महाराष्ट्र. ‘अपरोक्ष’ला तुम्ही संस्कृत मूळ दाखवलंत, मग ‘शिकस्त’ला फारसी मूळ का नाही? आणि राजीनामा? राजी असल्याचा कागद तो. आपण नाराज माणसाकडून घेतो.’’

खोलीत हशा पिकला. काका हसले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, ‘‘फारसी शब्द दत्तक आलेत. दत्तकाला आधीचं गोत्र विचारायचं नसतं.’’

‘‘आणि अपरोक्ष?’’

‘‘तो घरचा. त्याला विचारणार.’’

उत्तर चटकदार होतं, पण पटण्यासारखं नव्हतं. मराठीतल्या शब्दवादांचा सगळा पीळ याच जागी आहे असं मला वाटत आलं आहे. संस्कृतातून आलेला शब्द अर्थाने जरा सरकला, की आपण त्याला भ्रष्ट म्हणतो. फारसी-अरबीतून आलेला शब्द पार उलटा फिरला, तरी त्याला रुळलेला म्हणतो. व्युत्पत्तीचा दाखला आपण देतो, पण निवडून.

हा पक्षपात उलट्या दिशेनेही झाला आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली, तेव्हा दत्तकांनाच घराबाहेर काढायचा बेत होता. त्यातून निघालेले दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द आज चळवळीचा गंधही नसलेली माणसं सर्रास वापरतात. त्या वादातला सगळ्यात विलक्षण माणूस म्हणजे माधव ज्यूलियन. हाडाचे फारसीचे प्राध्यापक. गझल मराठीत आणणारे. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, म्हणजे मराठीत फारसीचं किती आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि त्याच माणसाने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीची बाजू घेतली. काकांना हे सांगितलं, की ते खूश व्हायचे. बातमीदाराला सांगितलं, की तो म्हणायचा, ‘‘म्हणजे आधी मोजदाद आणि मग जप्ती.’’

सरकारी बाजूने हीच गंमत १९६२ मध्ये झाली. पदनाम कोश निघाला आणि लोकांनी त्याला लगेच ‘बदनाम कोश’ ठरवलं. आमच्याकडचे जुने लोक सांगायचे, की तेव्हा त्यातले शब्द मोठ्याने वाचून दाखवणं हा कचेरीतला करमणुकीचा कार्यक्रम होता. आज अभियंता आणि आयुक्त या शब्दांना कोण हसतो?

त्याच वर्षी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम आले, पुढे आणखी चार जोडले गेले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ‘कवि’चा ‘कवी’ झाला, पण ‘कविराज’ मात्र तसाच राहिला. या अठरांत एक नियम फारसा कुणी वाचत नाही: केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळाबरहुकूम छापावं. वारीच्या पुरवणीत आमच्या एका उत्साही उपसंपादकाने तुकोबांचे अभंग ‘शुद्ध’ करून छापले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देहूपासून पंढरपूरपर्यंतचे फोन. काकांची त्या दिवशी रजा होती, हे ते पुढे दर आषाढात आठवणीने सांगत.

पत्रं तर रोजचीच. ‘पुण्यतिथी साजरी’ छापलं, की पोस्टकार्ड ठरलेलं: मृत्यू साजरा करता काय? काका या बाबतीत वाचकांच्या बाजूचे; त्यांना ‘पाळली’ किंवा ‘अभिवादन’ हवं असे. पण सज्जनगडावर दासनवमीचा उत्सवच होतो, आणि ती समर्थांची पुण्यतिथीच. तिथे ‘पाळली’ लिहिलं, तर सुतक पाळल्यासारखं वाटेल. मग साताऱ्याच्या वार्ताहराला सूट मिळाली. लिंगाचे वाद याहून निवांत, कारण त्यांना निकाल नसतो. तीन जिल्ह्यांतले तीन उपसंपादक एकाच टेबलावर तो पेन, ते पेन आणि ती पेन म्हणत आणि एकमेकांचं पेन मागून घेत. ‘वेळ’ मात्र काका समजावून सांगायचे: तो वेळ लागतो, ती वेळ येते.

एकदा काकांनी पेन खाली ठेवलेलं मी पाहिलं आहे. छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर निधनाची जाहिरात आली होती. मजकुरात नेहमीप्रमाणे ‘दुःखद निधन’. काकांचा यावर जुना राग. निधन सुखद कधी असतं, असं म्हणत ते ‘दुःखद’ काढून टाकायचे. त्या दिवशी मुलगा स्वतः प्रूफ पाहायला थांबला होता. लाल रेघ पाहून म्हणाला, ‘‘काका, तेवढं राहू द्या. माझे वडील आहेत.’’ काकांनी रेघेखाली ठिपके दिले, म्हणजे जसंच्या तसं ठेवा. नंतर त्या टेबलावरच्या निधनाच्या जाहिराती ते फक्त नावं आणि तारखांसाठी वाचत.

पोस्टकार्डवाल्या वाचकांपैकी एक निवृत्त शिक्षक इतके नेमाने लिहीत, की संपादकांनी त्यांनाच रात्रपाळीला बोलावलं. आले ते निवडणुकीच्या ऐन धामधुमीत. पहिल्याच आठवड्यात आठ कॉलमी मथळ्यात ‘जाहीरनामा’ होता. गुरुजी म्हणाले, ‘‘जाहिरात ऱ्हस्व, गरीब-गरिबाला ऱ्हस्व, मग इथेच दीर्घ का? जाहिरनामा करा.’’ काका म्हणाले, ‘‘मग वकीलपत्राचंही वकिलपत्र करा. समासात पहिलं पद बदलत नाही.’’ ‘‘हा फारसी समास. त्याला मराठीचा नियम लावता?’’ ‘‘दत्तक!’’ काका ओरडले. सातवा खंड शोधायला शिपाई वरच्या मजल्यावर गेला. ब्रोमाइड कापून हातात घेतलेला पानं लावणारा मुलगा दोघांकडे आळीपाळीने बघत उभा. शेवटी दीर्घच छापलं, पण पान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं आणि मुक्कामी जाणाऱ्या दोन एसट्या गठ्ठे न घेताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वितरण व्यवस्थापकांचा दोघांच्या नावे कागद आला. पान सोडण्यातील ‘दिरंगाई बद्दल’ खुलासा चोवीस तासांत करावा. गुरुजी घाबरून खुलासा लिहायला बसले. काकांनी कागद हातात घेतला, ‘दिरंगाई’ आणि ‘बद्दल’ यांच्यामधली फट लाल कंसाने जोडली, खाली सही केली आणि शिपायाच्या हाती परत पाठवला.