कुलूपबंद घरांचा स्वस्त सौदा

कोकणातील जुन्या गावांतून हिंडताना कौले सरकलेले, अंगणात रान माजलेले एखादे कुलूपबंद घर हटकून दिसते. देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी असल्याचे २०११च्या जनगणनेत नोंदले गेले. ती सारीच पडकी नव्हती, हे खरे. परंतु नव्या सदनिकेचे भाव परवडेनासे झालेल्या नोकरदाराला असे पडके घर स्वस्तात घ्यावे, दुरुस्त करावे आणि भाड्याने द्यावे वा विकावे, असा मोह होऊ लागला आहे. या मोहात गैर काही नाही. ओसाड घरात पुन्हा दिवा लागणे केव्हाही इष्टच होय.

मात्र ते घर बंद का पडले, हा प्रश्न खरेदीदाराने आधी विचारला पाहिजे. बहुधा त्याचे उत्तर एकच असते. कागदावर आजोबांचे नाव तसेच राहिले, वारस मुंबई-पुण्याकडे पांगले आणि त्यांचे एकमत कधी झाले नाही. घराचा भाव उतरलेला असतो तो या बेबनावामुळे.

नवखा खरेदीदार किल्ली दाखवणाऱ्या भावालाच मालक समजतो. त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. पण ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्या भावाने केवळ आपला अविभक्त हिस्सा विकला, तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ आड येते. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३च्या वाटप कायद्यानुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वांत अधिक विसर पडतो तो बहिणींचा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पुरुष वारसांनी वाटप करायचे ठरवेपर्यंत कुटुंब राहत असलेल्या घराचे वाटप स्त्री वारसाला मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते कलमच गाळले गेले. तरीही ‘बहिणी काही मागणार नाहीत’ या तोंडी आश्वासनावर व्यवहार उरकले जातात. बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर तिने तो समजून-उमजून आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सोडला पाहिजे.

यास्तव ज्याला हा मार्ग धरावयाचा आहे त्याने गवंड्याआधी वकील गाठावा. वारसांची पूर्ण यादी करावी, दुय्यम निबंधकाच्या दप्तरात तीस वर्षांचा शोध घ्यावा, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी, घराखालची जमीन शेतीची तर नाही ना, हे सातबाऱ्यावरून पाहावे आणि सर्व वारसांच्या सह्या झाल्याखेरीज बयाण्यापलीकडे पैसा देऊ नये. यात वर्ष-दोन वर्षे जातील, किंमतही थोडी वाढेल. परंतु आयुष्यभराची शिल्लक न्यायालयात अडकण्यापेक्षा, अथवा दूर गावी नांदणाऱ्या एखाद्या बहिणीचा वाटा नकळत गिळण्यापेक्षा, ही वाढ सोसणे केव्हाही शहाणपणाचे ठरेल.