स्वयंपाकघरातील धूर व हवेची वाट

गुहागरच्या समुद्रकाठच्या वस्तीत जांभ्या दगडाची, कौलारू छपरांची जुनी घरे अद्याप दिसतात. पुष्कळ घरांत आता गॅसची शेगडी आली आहे. तथापि वाडीत झावळ्या, सोडणे आणि करवंट्या मिळत असल्यामुळे चूल सर्वस्वी विझलेली नाही. जुन्या घरात धूर कौलांच्या फटींतून आपोआप निघून जाई. दुरुस्तीच्या वेळी वर स्लॅब पडते, खिडकीला काच लागते आणि ती वाट बुजते. मग विजेची चिमणी बसविली जाते. तरीही डबे चिकट होतात व डोळे झोंबतात. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो. हवेला आत येण्यास वाट ठेवलेली नसते. ही गोष्ट शिक्षकांनी नीट समजून घेऊन पालकांस सांगणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लक्ष ३७ हजारांहून अधिक होती. आईजवळ चुलीपाशी बसलेल्या मुलाच्या छातीत तोच धूर जात असतो.

तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास थंड हवा खालून येते. हे वर्गात सहज दाखविता येते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यास तळाशी एक व वर एक अशी दोन भोके पाडावीत व आत मेणबत्ती लावावी. खालच्या भोकाशी उदबत्ती धरली असता धूर आत ओढला जाऊन वरून बाहेर पडतो. खालचे भोक बंद केले की प्रवाह मंदावतो आणि ज्योतही मलूल होते. स्वयंपाकघर हा असाच एक मोठा डबा होय.

या तत्त्वाचा उपयोग महाराष्ट्राला नवा नाही. धूर धुराड्यावाटे बाहेर नेणारी ‘मगन चूल’ वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या प्रयत्नांतून तयार झाली. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारनेही सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना हाती घेतली. मात्र जेथे धुराडे वेळेवर झाडले गेले नाही, तेथे काजळी साचून धूर पुन्हा घरातच कोंडला. साधन कोणतेही असो, त्याची निगा राखावीच लागते.

विजेची चिमणी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. खोलीतील हवा तासाला सुमारे वीस वेळा बदलावी, असा ढोबळ हिशेब धरतात. खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच असेल, तर घनफळ २७ घनमीटर होते. म्हणजे तासाला ५४० घनमीटर हवा ओढली जावी. नळी लांब व वळणावळणाची असल्यास यंत्राची ओढ घटते. म्हणून नळी आखूड व सरळ ठेवावी.

२. चिमणीची रुंदी शेगडीहून कमी नसावी. शेगडीपासून तिची उंची साधारणतः ६५ ते ७५ सेंटिमीटर असावी.

३. काही चिमण्यांना बाहेर जाणारी नळीच नसते. त्या कोळशाच्या थरातून हवा गाळून पुन्हा खोलीत सोडतात. त्यामुळे वास कमी होतो. पण उष्णता, वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरातच राहतो.

४. गुहागरास पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. नळीचे तोंड समुद्राच्या बाजूस ठेवल्यास वारा धूर मागे लोटतो. म्हणून ते पूर्वेस, खाली वळविलेले व झडपेचे असावे. खाऱ्या हवेत साधा लोखंडी पत्रा लवकर गंजतो. स्टेनलेस स्टील टिकते.

५. चिमणीच्या समोरच्या बाजूस हवा आत येण्यास झरोका अवश्य ठेवावा.

एका धोक्याकडे विशेष लक्ष वेधणे जरूर आहे. बंद घरात पेटती चूल व जोरदार चिमणी एकत्र असल्यास यंत्र धुराड्यातील धूर उलटा खोलीत ओढते. त्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही. तेव्हा चूल पेटलेली असताना खिडकी उघडी असलीच पाहिजे. तसेच स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून एक झरोका भिंतीच्या तळाशीही असावा. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चिमणीचेही नाही. दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सिलिंडरची कळ बंद करावी.

शाळेत पोषण आहार शिजविण्याच्या खोलीसही हेच नियम लागू आहेत. शिक्षकांनी एकदा स्वयंपाकाच्या वेळी तेथे जाऊन धूर कोणत्या वाटेने बाहेर जातो व हवा कोणत्या वाटेने आत येते, हे पाहावे. झरोक्यासमोर पोती रचलेली असल्यास ती आधी हलवावीत. पुष्कळदा एवढ्यानेही स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मोकळा श्वास घेता येतो, आणि या कामास एक पैसाही खर्च येत नाही.