एकच प्रश्न विचारायचा असेल तर...

ड्रॅगन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंख पसरलेला, तोंडातून आग ओकणारा प्राणी येतो. माझाही तसाच समज होता. सातवीत असताना शाळेच्या लायब्ररीत ग्रेस लिन यांची ‘व्हेअर द माउंटन मीट्स द मून’ ही इंग्रजी कादंबरी हाती लागली आणि तो समज पुसला गेला.

चिनी पुराणकथांतला ड्रॅगन हा पाण्याचा स्वामी. पाऊस, नद्या, समुद्र त्याच्या ताब्यात. चार दिशांच्या चार समुद्रांवर चार ड्रॅगन राजे राज्य करतात. पंख नसतानाही तो ढगांतून उडतो. पाऊस रुसला की तिकडचे शेतकरी त्याची प्रार्थना करीत. म्हणजे तो आपल्या वरुणदेवाच्या जवळचा.

अशा कथांवर आधारलेल्या, साधारण आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठीच्या साहसकथा आता इंग्रजीत बऱ्याच निघतात. लिन यांची ही कादंबरी २००९ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला ‘न्यूबेरी ऑनर’ हा सन्मान मिळाला. लिन अमेरिकेत वाढल्या. त्यांचे आईवडील तैवानचे. लहानपणी त्यांना चिनी गोष्टींची गोडी नव्हती, तेव्हा आईने चिनी लोककथांची पुस्तकं घरातल्या कपाटात आणून ठेवली. हे वाचून मला माझी ट्रंक आठवली. आमच्या हाउसमध्ये मराठी बोलणारे आम्ही तिघेच. माझ्या आईनेही युनिफॉर्मच्या खाली दोन मराठी पुस्तकं ठेवली होती!

कादंबरीची नायिका मिनली ही गरीब शेतकऱ्याची मुलगी. डोंगर उजाड, शेत चिखलाचं. आई सतत उसासे टाकते. घरचं नशीब पालटावं म्हणून मिनली चंद्रावरच्या आजोबांना भेटायला निघते. चिनी लोककथांत हे आजोबा लग्नगाठ ठरलेल्या दोघांना लाल धाग्याने बांधतात. वाटेत तिला एक ड्रॅगन भेटतो. बिचाऱ्याला उडताच येत नाही! ते का, हे त्यालाही आजोबांनाच विचारायचं असतं. अखेर मिनली पोहोचते, पण तिथे एक अट असते : प्रश्न एकच विचारता येईल. मिनली स्वतःचा प्रश्न बाजूला ठेवते आणि मित्राचा विचारते.

या साहसकथांचा एक पूर्वज म्हणजे सोळाव्या शतकातली ‘पश्चिमेचा प्रवास’ ही चिनी कादंबरी. तिच्यातला वानर सुन वुकोंग दगडातून जन्मतो आणि ७२ रूपं घेऊ शकतो. स्वर्गात त्याला घोड्यांच्या पागेची ड्यूटी मिळते. हुद्दा फारच खालचा, म्हणून तो बंड करतो आणि ५०० वर्षं डोंगराखाली अडकून पडतो. पुढे ग्रंथ आणायला भारताकडे निघालेल्या भिक्षूचं रक्षण करण्याचं काम त्याच्याकडे येतं. गंमत पाहा, वुकोंग एका कोलांटीत १,०८,००० ली जातो आणि भिक्षूची वाटही बरोबर तेवढीच आहे. म्हणजे एका उडीचं काम! तरीही तो भिक्षूच्या पावलाबरोबर १४ वर्षं चालतो, कारण ती वाट भिक्षूने स्वतः चालायची असते.

हा भिक्षू खराखुरा होऊन गेला. इतिहासाच्या पुस्तकात भेटतो तो युआन श्वांग हाच. सातव्या शतकात तो नालंदेत शिकला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला. इथले लोक उपकार विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

हे सगळं मला का भिडलं ते सांगतो. सातवीच्या पहिल्या टर्ममध्ये मला घरची फार आठवण यायची. रविवारी फोनवर पाचच मिनिटं मिळत. एका रविवारी मी ठरवूनच गेलो होतो, बाबांना म्हणायचं, “मला घेऊन जा.” फोन लागला आणि लक्षात आलं, माझ्या मागे अजून एक जण उभा आहे आणि वेळ संपत आली आहे. तो माझ्याच डॉर्मिटरीतला, मणिपूरचा. रात्री पांघरुणात रडायचा, ते मला ऐकू यायचं. मी “बाबा, मी बरा आहे. आजीचा गुडघा कसा आहे?” एवढंच विचारलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

मिनलीसारखं मोठं काही मी केलं नाही. मनातलं बोलायचं राहून गेलं, म्हणून त्या रात्री मीही रडलो. पण पुढच्या रविवारी “मला घेऊन जा” हे म्हणावंसं वाटलं नाही. आज आम्ही दोघं नववीत आहोत. क्रॉस कंट्रीला तो माझ्यापेक्षा बराच पुढे असतो आणि शेवटच्या चढावर माझ्यासाठी वेग कमी करतो.

मित्रांनो, ही कादंबरी जरूर वाचा. आणि मग विचार करा, तुम्हाला एकच प्रश्न विचारता आला, तर तो कोणाचा असेल?