घरोघरचे मुके सोबती कसे मोजावे?

शाळासोबत्यांच्या घरीं कोणते प्राणी पाळले आहेत, हें विचारीत फिरणें मौजेचें आहे. परंतु खरा आंकडा हातीं येण्यास कांहीं नियम पाळावे लागतात.

पहिला नियम असा कीं, मुलें न मोजतां घरें मोजावीं. तीन भावंडें एकाच शाळेंत असलीं, तर त्यांच्या एका कुत्र्याचे तीन कुत्रे होतात. म्हणून थोरल्यानेंच कागद भरावा. १९१९ सालीं सुरू झालेली आपल्या देशाची पशुगणनाही घरोघर जाऊनच होते.

दुसरा, 'पाळीव' कोणास म्हणावें, हें आधीं ठरवावें. भाईंदरजवळ उत्तनच्या कोळीवाड्यांत सुकत्या मासळीभोंवतीं घुटमळणारें मांजर घरचें कीं गांवचें? ज्याला आपण रोज खाऊं घालतों व आजारांत सांभाळतों, तें आपलें.

तिसरा, कागदावर नांव नसावें. आपल्याकडील रानपोपट पिंजऱ्यांत ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. नांव विचारल्यास पोपटवालें घर खरें सांगणार नाहीं.

शेवटीं अवश्य विचारावें : कुत्र्यामांजरांस रेबीजची लस टोचली आहे काय? त्या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस बहुधा वांचत नाहीं. 'नाहीं' अशीं उत्तरें किती आलीं, तें वर्गांत व घरीं मोठ्यानें वाचून दाखवा. पालकांनींही तें ऐकून आपलें जनावर वेळेवर पशुवैद्याकडे न्यावें.