घरातील जाळे आणि दाराची कडी

टेलिव्हिजनची चित्रे घरोघर पोचविणारी केबल इंटरनेटही वाहून आणू लागली, याला आता पाव शतक उलटून गेले. तारेतून येणारा संकेत यंत्रांना उमजेल अशा रूपात आणतो तो मोडेम. तो घरातील सर्वांना वाटून देतो तो राऊटर. अलीकडे ही दोन्ही कामे बहुधा एकाच पेटीत उरकतात. ती पेटी कपाटामागे दडवू नये. गोव्यातील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती रेडिओलहरींना चांगलाच अटकाव करतात. म्हणून तिची जागा घराच्या मध्यभागी व उंचावर असावी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती त्यातल्या त्यात बऱ्या ओलांडतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना वेग अधिक, पण पल्ला कमी.

येथवरचे ज्ञान जोडणी करणारा कारागीरही देतो. आमचा मुद्दा त्यापुढचा आहे. राऊटरला परवलीचे शब्द दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यालाही द्यावा लागतो. दुसरा पेटीच्या कारभाराचा. हा दुसरा कारखान्यातून येताना कित्येकदा 'अॅडमिन' असा सर्वश्रुत असतो, आणि पुढे तसाच राहतो. याचे फळ जगाने २०१६ साली पाहिले. 'मिराई' नामक घातकी प्रणालीने असे साठेक सर्वश्रुत शब्द वापरून कॅमेरे आणि घरगुती राऊटर लक्षावधींच्या संख्येने काबीज केले. २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास विस्कळीत झाल्या. आपल्या घरातील पेटी त्या टोळीत सामील आहे, याची मालकांना गंधवार्ताही नव्हती!

उपाय अवघड नाहीत. दोन्ही शब्द बदलावेत, ते लांब आणि परस्परांहून भिन्न असावेत. संरक्षणासाठी डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ पद्धत निवडावी. बाहेरून कारभार चालविण्याची सोय बंद करावी, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे आणि पेटीची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी.

परंतु सारा भार गृहस्थावर टाकणे न्याय्य नव्हे. मासिक वर्गणी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे शब्द ग्राहकासमक्ष बदलून दिले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. हक्क न्यायालय देते. दाराला कडी मात्र घरातल्यांनीच घालावयाची असते. ती कशी घालावी हे दाखविल्यावाचून कारागिराने उंबरठा ओलांडू नये.